फोनचं गाणं आणि त्याचे दोन शेवट

नफीसा,

आधी हे सांगून टाकते, नाहीतर तू त्याचीच वाट बघत बसशील: तू गेलीस म्हणून माझं मत बदललेलं नाही. फोनचं गाणं मुळात थोर आहे, आणि पुढे त्या म्हाताऱ्या बाईनं ते गायलं, ते त्याहून थोर आहे. माणूस गेलं की त्याच्याशी चाललेला वाद त्याच्याच बाजूनं मिटवून टाकायची आपल्याकडे रीत आहे. 'जाऊ दे, तिचंच बरोबर होतं,' म्हणायचं आणि डोळे पुसायचे. तुला ते मुळीच खपलं नसतं. 'काय गो, मी मेले म्हणून गुण वाढवून देतेस होय?' असं म्हणाली असतीस.

तेव्हा गुण वाढवत नाही. पण तुझं काय काय बरोबर होतं, ते आज नीट सांगणार आहे. तू समोर असताना तेवढं कबूल करायची सोय नव्हती. लगेच डोक्यावर बसायचीस.

आपली ओळखच मुळी तक्रारीतून झाली. मी रियाधला नुकती आले होते. मिरजेच्या हॉस्पिटलातून थेट इथल्या प्रसूती विभागात, आणि राहायला नर्सेसच्या इमारतीत तुझ्या शेजारची खोली. रोज संध्याकाळी भिंतीतून एक घुमणारा आवाज यायचा. मला वाटलं एसी बिघडलाय. देखभालवाल्याला दोनदा बोलावलं. तो एसी उघडायचा, बंद करायचा, हसायचा आणि जायचा. तिसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावला तेव्हा कळलं की एसीला ताल आहे. मग येऊन तुझं दार वाजवलं. आयसीयूतून ड्यूटी करून आलेली तू, डोक्याला तेल लावून बसलेली. मी हिंदीत सुरुवात केली, 'सिस्टर, थोडा आवाज...' आणि तू माझ्या हिंदीवरूनच ओळखलंस. 'मराठी का गो? ये, बस. हे पुरं होऊ दे, मग भांड.'

मी बसले. गाणं सातेक मिनिटांचं होतं. पुरं झाल्यावर मी भांडायचं विसरले आणि विचारलं, 'हे कुणाचं?'

ते कुणाचं हे कुणालाच फारसं माहीत नव्हतं, हीच तर त्याची गंमत. कुठल्याशा परदेशी बंदराच्या गावातली चार पोरं, त्यांची एकच रेकॉर्ड, ती खपली नाही, आणि त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं हे शेवटचं गाणं. म्हणजे ज्यांनी ती रेकॉर्ड घेतली, त्यांतलेही निम्मे इथवर पोचले नसतील. तुझा मोठा भाऊ बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा बंदरात जुन्या मालाच्या दुकानातून तिची कॅसेट उचलली आणि श्रीवर्धनच्या घरी आणून टाकली. तू शाळेत होतीस. इंग्रजी कळत नव्हतं, तरी पाठ केलंस. अर्थ पुढे नर्सिंगला गेल्यावर कळला: एक माणूस बंदरावरून घरी फोन करतोय, पलीकडून फोन कधीच ठेवला गेलाय, आणि हा बोलतोच आहे. आपण त्याला 'फोनचं गाणं' म्हणायला लागलो. खरं नाव तू कधी घेतलं नाहीस. मीही नाही घेतलं.

त्या मूळ गाण्याबद्दल मी जे कबूल करते, ते असं. त्यातला ऑर्गन नुसता वाजत नाही, श्वास घेतो. भात्यात गच्च हवा भरलेल्या जुन्या पेटीसारखा. दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला किंचित मागे पडतो आणि तिथंच राहतो. ती चूक नाही. फोनवर पलीकडून उत्तर यायला वेळ लागतो तसं ते आहे. हे मला तू दाखवलंस. मी तोवर नुसती ऐकत होते. आणि तो गाणारा 'अजून एक सांगायचं राहिलं' अशा अर्थाचं जे ओरडतो, तिथं त्याचा आवाज फाटतो. त्यांनी पुन्हा गाऊन घेतलं नाही, तसंच ठेवलं. तू म्हणायचीस, 'ह्या एका जागेसाठी मी त्यांना सगळं माफ केलंय.' मीही केलंय.

तेव्हा आपल्याला बाहेर पडायचं म्हणजे हॉस्पिटलची बस. ती आठवड्यातून एकदा बाजाराला न्यायची आणि ठरल्या वेळेला परत आणायची. तुझे सलीमभाई दम्मामला बंदरात नोकरीला, माझा नवरा मिरजेत. आपण मागच्या सीटवर, एकच इअरफोन, एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. गाण्याचे दोन भाग दोन कानांत वेगळे पडायचे. तुझ्या वाट्याला गिटार यायची, माझ्या वाट्याला ऑर्गन. म्हणून कदाचित आपण एकच गाणं कधी ऐकलंच नसेल. अर्धअर्धं ऐकलं, आणि बाकीचं एकमेकींना सांगितलं.

मग मला ती बाई सापडली. मोबाईलवर त्या चार पोरांबद्दल काही मिळतं का बघत होते, तर त्यांचं गाणं दुसऱ्याच कुणी गायलेलं निघालं. साठी उलटलेली बाई, हातात साधी गिटार, मागे एक मोठं, जाड आवाजाचं तंतुवाद्य. बाकी काही नाही. शब्द सगळे तेच. पण ती इतकं संथ गाते की दुसऱ्या कडव्याला माझ्या अंगावर काटा आला. तोच माणूस, तोच फोन. पण ही बाई गाते तेव्हा वाटतं, बंदरावरचा तो गडी नाही, घरी ज्या बाईनं फोन ठेवला तीच आता हे सगळं म्हणतेय. तो काय काय बोलला असेल, ते तिला माहीत आहे. एक शब्द न बदलता तिनं गाण्याचं टोक फिरवून दाखवलं. आणि शेवटी, जिथं त्या पोरांच्या दोन गिटारी एकमेकींशी बोलत बोलत लांब जातात, आवाज हळूहळू बारीक होत विरून जातो, तिथं ही बाई शेवटची ओळ म्हणते आणि थांबते. तारेवर हात ठेवते. बस.

मी धावत तुझ्या खोलीत आले होते. तू पूर्ण ऐकलंस, चेहरा घट्ट करून. मग म्हणालीस, 'गाण्याच्या तोंडावर दार आपटलंन तिनं.'

'आपटलं नाही, नफीसा. समेवर आणून ठेवलं.' माझे वडील मिरजेला तंबोरे बनवायचे. घरी गाणारे येत-जात. सुरेख सम आली की संपलं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं.

'आमच्याकडे होडी बंदरातून सुटली की लहान लहान होत जाते. दिसते, दिसते, आणि मग दिसतेय असं वाटतं. मग तेही नाय. कुणी कात्रीनं कापून नेत नाय तिला. खलास, विषय बंद.'

विषय कुठला बंद होतोय! तो बंद झालाच नाही. 'खलास' हा अरबी शब्द तू इथं शिकलीस आणि एकदाही खरा करून दाखवला नाहीस. जेवणाच्या टेबलावर, कपडे वाळत घालताना, इकाम्याच्या, म्हणजे इथं राहायच्या परवान्याच्या, रांगेत हातात कागद धरून बसल्यावरही आपण त्याच गाण्यावर. लोकांना वाटायचं, ह्या दोघी घरच्या काही मोठ्या भानगडीवर बोलतायत.

एकदाच तू ते हसण्यावारी न नेता बोललीस. तुझ्या वॉर्डात सबंध दिवस झुंजून एक तरुण माणूस गेला होता. तू माझ्या खोलीत बूट न काढता बसलीस. 'तुझी ती बाई थांबते ना, सुनंदा, माणूस तसाच थांबतो. मध्येच. मशीनवर आम्ही रोज बघतो. मला गाण्यात तरी ते नको. गाण्यात तरी त्याला हळूहळू जाऊ दे.'

त्यावर माझं उत्तर होतं. ते मी तुला पुढे दिलं, चहा करून दिला तेव्हा. माझ्याकडेही शांतता असते. मूल बाहेर येतं आणि रडत नाही, तो एवढासा वेळ. खोलीतलं प्रत्येक माणूस थांबलेलं असतं. त्या शांततेत काही संपलेलं नसतं, नफीसा; काहीतरी येऊ घातलेलं असतं. ती बाई तारेवर हात ठेवते तेव्हा मला ती शांतता ऐकू येते. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, 'बरं बोललीस. पण चूक बोललीस.' आणि हसलीस.

बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आपल्या इमारतीत पहिली फी भरणारी तू. शिकवणारी बाई तुला म्हणाली, इतक्या वयात कशाला? तू म्हणालीस, 'यल्ला, चला, किल्ली द्या.' ती पांढरी जुनी गाडी घेतलीस, आणि बसच्या मागच्या सीटवरून आपण एकदम पुढच्या सीटवर आलो. गाण्याचे दोन्ही भाग दोघींना एकत्र ऐकू यायला लागले. पहिल्यांदाच.

त्याच गाडीतलं एक माझ्या मनात आहे, ते तुला कधी म्हणाले नाही. माझे वडील गेले तेव्हा मला वेळेत निघता आलं नाही. कागद तयार नव्हते, आणि तिकडे भावानं सांगितलं की थांबता येणार नाही, उन्हाळा आहे. मी फोनवर सगळं ऐकलं. मंत्र, बायकांचं रडणं, लाकडं आणली का, कुणी काय म्हणालं. मग तिकडून फोन ठेवला गेला. तू आलीस, मला खाली नेलंस, गाडीत बसवलंस आणि शहराबाहेर काढलंस, जिथं रस्ता सरळच्या सरळ जातो आणि दोन्ही बाजूंना काहीच नसतं. मला वाटलं तू तुझं गाणं लावशील. तू त्या बाईचं लावलंस. माझं. जे तुला आवडत नव्हतं ते. ते संपलं, ती शांतता झाली, आणि तू ती मोडली नाहीस. पुढचं गाणं लागायच्या आत बटण दाबून ठेवलंस. मी त्या शांततेत पहिल्यांदा रडले. तू समोर बघून गाडी चालवत राहिलीस.

आभार मानायचे राहिले, असं म्हणणार नाही. तुझ्यामाझ्यात आभार म्हणजे शिवी होती. पण तेव्हा काय केलंस ते मला कळलं होतं, एवढं तुला कळायला हवं.

मग गेल्या वर्षाच्या अखेरीस मॅरिसेलनं ते खूळ काढलं. माझ्या विभागातली ही फिलिपिनो मुलगी, हिनंच मला चाळिशीनंतर गिटार धरायला शिकवलं. ती शुक्रवारी दुपारी एका कॅफेत जायची. तिथं कुणीही उठून गायचं, कुणीही वाजवायचं. आपण इथं आलो तेव्हा असलं काही खोलीच्या आत, दार लावून. आता काचेच्या भिंतीच्या कॅफेत, समोर मेट्रोचं स्टेशन. मॅरिसेल म्हणाली, तुम्ही दोघी ते एवढं भांडताय त्यापेक्षा गाऊन दाखवा. तू गायचंस, मी वाजवायचं.

तुझा आवाज किती चांगला होता ते फक्त मला आणि तुझ्या त्या गाडीला माहीत होतं. सलीमभाई तर म्हणाले होते, 'गा की, त्यात काय?' भीती तुझी तुलाच. तरी तू 'हो' म्हणालीस. आपण महिनाभर तालीम केली. सगळं बसलं. फक्त शेवट बसेना. मी थांबायचे, तू गात राहायचीस. मी पुन्हा सुरू करायचे तोवर तू चिडून थांबलेली असायचीस. त्या शुक्रवारी कॅफेच्या बाहेर गाडीत आपण तेच घेऊन बसलो. 'एकदा माझ्यासारखं कर,' तू म्हणालीस. 'मग तू एकदा माझ्यासारखं गा,' मी म्हणाले. अर्धा तास. काचा घामेजल्या. शेवटी मॅरिसेल बाहेर आली, काचेवर टकटक केली आणि सांगितलं की तुमचा नंबर येऊन गेला, दोनदा पुकारला. आपण एकमेकींकडे बघितलं आणि इतक्या हसलो की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला. 'पुढच्या महिन्यात,' तू म्हणालीस. 'तोवर तुला अक्कल येईल.'

पुढचा महिना उजाडायच्या आत तू कपडे बदलायच्या खोलीत खाली बसलीस ती उठली नाहीस. मेंदूतली शीर. तुला तुझ्याच आयसीयूत आणलं, तुझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलींनी नळ्या घातल्या. एकीचाही हात चुकला नाही. तू शिकवलेल्याच त्या. सलीमभाई दम्मामहून पहिल्या मिळेल त्या गाडीनं आले. ते एका बाजूला, मी एका बाजूला. डॉक्टर सांगायचं ते सांगून गेले. मी मोबाईल तुझ्या कानाशी धरला आणि गाणं लावलं. तुझं लावलं, नफीसा. माझं नाही. ऑर्गन, मागे राहिलेला ड्रम, फाटलेला आवाज, आणि त्या दोन गिटारी लांब लांब जाताना. सलीमभाईंनी विचारलं, 'हेच काय ते?' मी म्हटलं, 'हेच.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी तेव्हा माझ्या विभागात होते, एका येमेनी बाईचं पहिलं बाळंतपण. मूल रडलं, मी हात धुतले, आणि दारात मॅरिसेल उभी होती.

सलीमभाईंनी ठरवलं की तुला इथंच ठेवायचं. दुपारच्या, अस्रच्या नमाजनंतर पुरुष तुला घेऊन गेले. दफनाला बायका जात नाहीत, म्हणून मी तुझ्या गाडीत बसून राहिले, किल्ली हातात, गाडी बंद. काही लावलं नाही. सलीमभाई परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना लाल माती होती. मी थर्मासमधला कहवा ओतून दिला. ते म्हणाले, 'जागा चांगली आहे, ताई. मोकळी आहे.' आणि कप तसाच हातात धरून बसले.

आता परवाचं. मी गेले कॅफेत. काहींना ते बरोबर वाटलं नाही, इतक्या लवकर. मी सलीमभाईंना आधी विचारलं. ते म्हणाले, 'तिनं 'पुढच्या महिन्यात' म्हटलं होतं ना? मग जा.' मॅरिसेलनं गिटार घेतली नाही, नुसती शेजारी बसली. वाजवायचंही मी, गायचंही मी. माझा आवाज तुला माहीत आहे. तू त्याला 'सूचनाफलक' म्हणायचीस. तरी गायले. दुसऱ्या कडव्यात मी मुद्दाम किंचित मागे राहिले, त्या ड्रमवाल्यासारखी. ते तुझं, आणि ते बरोबर आहे, म्हणून. फाटायची जागा आली तिथं आवाज आपोआप फाटला, त्यात माझी करामत काही नाही. आणि शेवट आला. मला ठाऊक होतं की त्या कॅफेत ज्यांना तुझी गोष्ट माहीत होती, ते सगळे वाट बघतायत, की आज ही नफीसासारखं करणार, हळूहळू लांब नेणार. एक क्षण माझा हातही तिकडे निघाला होता.

मी थांबले. तारेवर हात ठेवला.

कुणी टाळी वाजवली नाही. त्यांना वाटलं अजून आहे. ती शांतता मी सोडली नाही, नफीसा. तू म्हणायचीस तेही तिच्यात होतं, मशीनपुढचं, मध्येच थांबणारं. ते मला पहिल्यांदाच एवढं स्वच्छ ऐकू आलं. तुझं खरं होतं. आणि मी म्हणायचे तेही होतं. दोन्ही एकाच जागी मावतं, हे तुला सांगायला हवं होतं, आणि तू 'बरं बोललीस, पण चूक बोललीस' म्हणायला हवं होतंस. मग मॅरिसेलनं टाळी वाजवली, आणि लोकांना कळलं.

तिनं ते मोबाईलवर घेतलं होतं. मी सलीमभाईंना पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही. आज सकाळी त्यांचा फोन आला. मागे बंदराचा आवाज, क्रेनचा, कुणाच्या तरी हाकांचा.

'ताई, ऐकलं,' ते म्हणाले. 'मला गाण्यातलं कळत नाही. छान झालं. पण एवढ्यात कशाला संपवलंत?'

मी म्हणाले, 'सलीमभाई, मूळ गाणं असं संपत नाही, हे खरं आहे. पण मला असंच बरोबर वाटतं. ती असती तरी मी असंच केलं असतं.'

'आणि ती भांडली असती.'

'भांडली असती. मी ऐकलं नसतं.'

पलीकडे ते हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना ऐकलं. म्हणाले, 'दोन्ही पाठवा मला, तिचं पण आणि त्या बाईचं पण. ऐकून सांगतो कोण बरोबर ते. पण एक सांगू का, ताई? तुम्ही दोघी भयंकर हट्टी आहात.'

आहात, म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.